दादाचं हेल्मेट

भाद्रपद वद्य पंचमी, संध्याकाळ

आज आईचं श्राद्ध झालं. दादाची चीड अजून जात नाही, म्हणून लिहून टाकते.

वैशाखात गच्चीवरच्या टाकीमागचं कावळ्यांचं घरटं यानेच बांबूने पाडलं. दोन पिल्लं मेली. तेव्हापासून हा दिसला की कावळे डोक्यावर झेपावतात. मला, वहिनीला काही करत नाहीत. म्हणून हा पठ्ठ्या टाकीचा कॉक फिरवायलाही हेल्मेट घालून जातो.

आज मात्र सोवळं नेसून, बोडक्या डोक्याने, घास ठेवून हात जोडून उभा. कावळे टाकीवर बसून ओरडत होते, खाली एकही उतरेना. पाऊण तास गेला. पंचवटीहून आलेले गुरुजी म्हणाले, "आईंची काही इच्छा राहिली असेल. शब्द द्या."

याने घसा खाकरला. "आई, मंदाला मी सांभाळीन."

मला सांभाळणार. सहा वर्षं आईचं अंथरुणातलं सगळं मी केलं. हा वरच्या मजल्यावर राहून रविवारी खाली यायचा, तोही चहाच्या वेळेला.

तेवढ्यात वहिनीने फोन आला म्हणून त्याला खाली बोलावलं. तो जिना उतरतो न उतरतो तोच कावळा घासावर.

परत येऊन म्हणाला, "बघ मंदे, शब्द दिला आणि आई जेवली." गुरुजींनी मान डोलावली. हेल्मेटचं ओठांवर आलं होतं, पण गिळलं. श्राद्धाच्या दिवशी कशाला.

आईवर एवढा विश्वास आहे याचा. उद्या सकाळी कॉक फिरवायला जाताना मात्र हेल्मेट घालूनच जाईल.