खात्यावरचं नाव

बाबा, आईच्या घरची गॅस आणि विजेची कंपनी मी ऑक्टोबरात बदलली. तुम्हाला हे पटलं नसतं, आणि तरीही मी बरोबर केलं, या दोन्ही गोष्टी मला माहीत आहेत. लंडनला, हाउन्सलोत आल्यावर ज्या बँकेनं तुम्हाला खातं उघडून दिलं, ती तुम्ही शेवटपर्यंत सोडली नाहीत. ज्या दुकानातून पहिल्या आठवड्यात तूरडाळ आणलीत, त्याच दुकानातून कायम आणत राहिलात, मधे मालक दोनदा बदलला तरी. गॅसचंही तसंच. पण आता इथे उलटं झालं आहे. जो एका जागी स्वस्थ बसतो त्याला बरेचदा महाग दर लागतो, आणि जो उठून दुसरीकडे जातो त्याचं स्वागत होतं. तुम्ही गेल्यानंतरची वीस वर्षं आई त्या महाग दरावर बसून होती. बिल तुमच्या नावानं येत होतं.

खातं तुमच्या नावावर राहिलं, कारण कुणी ते बदललं नाही. पेन्शन, कौन्सिल, बँक, सगळीकडे मी तुमचा मृत्यूचा दाखला घेऊन फिरले. गॅसचे पैसे मात्र तुमच्या दोघांच्या सामायिक खात्यातून दर महिन्याला आपोआप जात होते, आणि मीटरचं रीडिंग आई देत होती. महिन्याचा पहिला रविवार. तुम्ही जिन्याखालच्या कपाटात गुडघ्यांवर बसून, डोकं आत घालून, टॉर्चच्या उजेडात आकडे ओरडायचात आणि आई मागे उभी राहून कॅलेंडरच्या पाठीवर लिहायची. तुम्ही गेल्यावर ती एकटीच गुडघ्यांवर बसू लागली. मग ती फोन लावायची, आकडे दाबायची, आणि पलीकडचं मशीन तुमचं आडनाव घेऊन आभार मानायचं. फोन ठेवण्याआधी ती मशीनला "बरं" म्हणायची.

गेल्या फेब्रुवारीत तिला न्यूमोनिया झाला. अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होती. घरी सोडताना नर्सनं विचारलं, घर गरम असतं ना? आई म्हणाली, हो, एकदम. मी तिला घरी आणलं, पुढच्या खोलीतल्या रेडिएटरला हात लावला. तो दगडासारखा थंड होता. ती दिवसभर स्वयंपाकघरात कोट घालून बसायची, पोळ्या झाल्या की तव्याची ऊब संपेपर्यंत तिथेच. "एका माणसाला किती खोल्या लागतात?" मी म्हटलं, बिल मी भरते. "तुझे पैसे जाळून मी ऊब घेऊ?" डॉक्टर म्हणाले होते की असा आणखी एक हिवाळा तिच्या छातीला झेपणार नाही. तेव्हा माझ्यापुढे एकच वाट होती: ऊब तिच्या स्वतःच्या पैशात बसवायची. मी क्रॉयडनच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांचे करार वाचते. नव्या गॅस कंपनीचा करार वाचायला मला जेवणाची सुट्टी पुरली.

आईला स्वस्ताचं वावडं नाही. कोथिंबिरीच्या जुडीसाठी ती अजून दोन स्टॉप पुढे जाते. पण मी कागद पुढे ठेवला तेव्हा तिनं दर पाहिलाच नाही. "ह्यांचं नाव राहील ना त्याच्यावर?"

"आई, नवीन खातं तुझ्या नावावर उघडावं लागेल."

"मग नको."

"अगं, दर महिन्याला त्यांच्या नावानं बिल येतं, ह्यात काय आहे?"

"दुसरं काय येतं त्यांच्या नावानं?"

दोन आठवडे तो कागद फ्रिजवर तसाच होता.

त्या दोन आठवड्यांत मला तो दुसरा कागद आठवत राहिला. मी सोळा वर्षांची आहे. दारात सूट घातलेला माणूस उभा आहे, बूट ओले, हातात क्लिपबोर्ड. गॅसच्या बाजारात नुकत्याच नव्या कंपन्या आल्या होत्या आणि असे लोक घरोघर फिरत होते. तुम्ही विमानतळावर कार्गोच्या शिफ्टला गेला आहात. आई मला हाक मारते, कारण आपल्या घरात दाराशी आलेलं इंग्रजी माझ्या वाट्याला असायचं. शाळेची पत्रं, डॉक्टरांचे फॉर्म, सगळं मीच भरायचे, आणि तुम्ही शिफ्टला असलात तर कधीकधी तुमची सहीही मी करायचे. इंग्रजी अक्षरांची सही आणि वरून शिरोरेषेसारखी एक आडवी रेघ. ती रेघ मला चांगली जमायची. त्या दिवशीही मी ती मारली.

तीन आठवड्यांनी नव्या कंपनीचं पत्र आलं. आमची निवड केल्याबद्दल धन्यवाद. सोबत सहीची प्रत. तुम्ही कामावरचं जॅकेटही काढलं नव्हतंत. आईचं लाटणं थांबलं.

"ही सही कुणाची?"

"तो म्हणाला, फक्त माहितीसाठी आहे."

"सही माहितीसाठी नसते." आवाज चढवला नाहीत. "कागदावर माझं नाव म्हणजे मी तिथे उभा आहे. मी नसताना तू मला उभं केलंस."

मग तुम्ही मला टेबलाशी बसवलंत आणि जुन्या कंपनीकडे परत जाण्यासाठी पत्र लिहायला सांगितलंत. तुम्ही मराठीत सांगत होतात, मी इंग्रजीत लिहीत होते. माझ्या मुलीला फसवून सही घेण्यात आली, तुम्ही म्हणालात, मी लिहिलं. माझी मुलगी खोटं बोलत नाही, तुम्ही म्हणालात. तेही मी लिहिलं. शेवटी तुम्ही पेन घेतलंत, सावकाश सही केलीत, वर रेघ ओढलीत आणि कागद माझ्याकडे वळवलात. "बघ. अशी असते." महिन्याभरात आपण जुन्या कंपनीत परत आलो. तो ओल्या बुटांचा माणूस आपल्या रस्त्यावर पुन्हा दिसला नाही. त्याचं काय झालं हे मी कधी विचारलं नाही.

वाट आईनंच काढली, आणि तिच्या नकळत. मी तिच्याकडून एवढंच कबूल करून घेतलं होतं की नुसता फोन लावून चौकशी करू. आधी जुन्या कंपनीला. खातेदार वारले आहेत, असं मी सांगितलं. तिथला माणूस हळहळला. कधी, म्हणून विचारलं. वीस वर्षं झाली. पलीकडे कीबोर्ड वाजला. "पण त्यांनी याच महिन्यात रीडिंग दिलंय." मी म्हटलं, ते माझ्या आईनं दिलंय. तो म्हणाला, फारच नियमित आहेत त्या.

मग नवी कंपनी. फोनवर स्कॉटिश बाई होती. आईचं वय ऐकून म्हणाली, एकट्या राहणाऱ्या वयस्कर गिऱ्हाइकांना आम्ही एक पासवर्ड ठेवायला सांगतो. आमचा माणूस घरी आला की तो दारातच पासवर्ड सांगेल. नाही सांगितला तर दार उघडायचं नाही. विसरणार नाही असा शब्द द्या, लोक कुत्र्याचं नाव देतात. मी हे आईला मराठीत सांगितलं. तिनं दोनदा विचारलं, "आधी तो सांगणार? दारात उभं राहून?" मग फ्रिजवरचा तो कागद ओढला, मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे सरकवला. तुमचं नाव होतं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मी ते बाईला एकेक अक्षर करून सांगितलं. ती म्हणाली, छान, आता खातेदारांनी स्वतः एकदा म्हणून दाखवावं. मी फोन आईसमोर धरला. आईनं स्वेटरची बाही तोंडावर धरली.

"अगं, मी कशी घेऊ?"

"आई, पासवर्ड आहे तो."

"पासवर्ड असला म्हणून काय झालं?"

आई हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी त्या बाईला समजावून सांगितलं की माझी आई नवऱ्याचं नाव उच्चारत नाही, तिच्या गावची तशी रीत आहे. कधीच नाही? लग्नात एकदा घेतलं होतं, म्हटलं, सगळ्यांनी आग्रह केला म्हणून. बाई म्हणाली, मग हा आमच्याकडचा सगळ्यात सुरक्षित पासवर्ड आहे, आणि तिनं तो तसाच ठेवला. फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "कर मग. बदल."

नवीन मीटर बसवायला माणूस आला, पन्नाशीचा, दम लागलेला. मी स्वयंपाकघरात होते. आईनं साखळी लावून दार फटीएवढं उघडलं. त्यानं हातातल्या टॅबलेटवर बघून तुमचं नाव घेतलं. आघात चुकीचा, शेवटचा अकार लांबवलेला, पण तुमचंच. दार उघडलं नाही. मला वाटलं तिला उच्चार कळला नाही, म्हणून मी पुढे गेले. ती मागे न वळता म्हणाली, "परत म्हण म्हणावं." तो परत म्हणाला, या वेळी सावकाश. मग तिनं साखळी काढली आणि चहा घेणार का विचारलं. नंतर मला म्हणाली, पहिल्यांदा नीट ऐकू आलं नव्हतं. आईचे कान उत्तम आहेत, बाबा.

तुमच्या जुन्या कंपनीचं शेवटचं पत्र गेल्या आठवड्यात आलं. मी सगळं सांगूनही तुमच्याच नावानं. तुम्ही आम्हाला सोडून जात आहात याचं आम्हाला वाईट वाटतं, असं छापलं आहे. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "ह्या कंपनीवाल्यांना उशिराच कळतं." पत्र तिनं कॅलेंडरमागे ठेवलं. आज डिसेंबरचा पहिला रविवार. दुपारचे तीन वाजलेत, बाहेर गवतावर अजून सकाळचं दव गोठलेलं आहे, आणि आई पुढच्या खोलीत बिनकोटाची झोपली आहे. रीडिंग घ्यावं लागत नाही, मीटर स्वतःच कळवतो. तरी सकाळी ती टॉर्च घेऊन कपाटाशी जाऊन आली.

मी तिच्या टेबलाशी बसून हे लिहिते आहे. रेडिएटरला पाठ टेकली आहे. हे पाठवायला पत्ता एकच, आणि त्या पत्त्यावर मी बसले आहे. म्हणून तुमच्या पत्रामागे हेही ठेवीन. पण एक गोष्ट इथे लिहायची होती. त्या ओल्या बुटांच्या माणसानं मला फसवलं नव्हतं. त्यानं मला कागद दिला आणि म्हणाला, घाई नाही, वाच. मी दारात उभी राहून दोन्ही बाजू वाचल्या. वरच्या खोलीत मी हातमोजे घालून अभ्यास करत होते. दर कमी झाला तर तुम्ही संध्याकाळी आणखी एक तास हीटिंग लावाल, असं मला वाटलं होतं. फसवून सही घेण्यात आली, हे वाक्य तुम्ही सांगितलंत तेव्हा 'फसवून'साठी मला इंग्रजी शब्द सुचत नाही असं मी आधी म्हटलं होतं. तो शब्द मला येत होता.