अप्पांचा रंग

विक्रोळी,
९ नोव्हेंबर २०२५

ती. आक्कास,
राजारामचा सप्रेम जयभीम वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला ऐकू येत नाही, कानातलं यंत्र लावलं की ते शिट्ट्या मारतं, आणि मोबाईलवरच्या अक्षरांना तू मुंग्या म्हणतेस. तेव्हा विक्रोळीचा धाकटा भाऊ आणि बोरिवलीची थोरली बहीण यांच्यापायी पोस्टमनला अजून जिने चढावे लागतात. चढू दे. आपलं एवढं तरी सरकारी काम चालू आहे.

इकडे सगळं ठीक. प्रबुद्धची बदली टळली. सूनबाई माधुरी सकाळी पवईला ऑफिसला जाते ती दिवेलागणीला येते. चेतना मात्र हात धुऊन माझ्या मागे लागली आहे. मला हल्ली थकवा येतो, डोकं जड असतं, जिना चढला की धाप लागते. तिचं निदान तयार आहे, की रक्त कमी झालं. म्हणून रोज बिटाचा रस, खजूर, गूळ-शेंगदाणे आणि वर केमिस्टकडची लोहाची गोळी. मी म्हणालो, ज्या माणसानं जन्मभर रक्त वाटलं त्याला ते कमी कसं पडेल. ती म्हणाली, वाटलं म्हणूनच संपलं.

तुला माहीतच आहे, चौदा एप्रिल असो, सहा डिसेंबर असो की मधलं कुठलं शिबिर, रक्त द्यायला मी पहिला. बोटातला थेंब निळ्या पाण्यात सोडायचे. तरंगत राहिला तर माणूस घरी. माझा थेंब दगडासारखा तळाला जायचा. पोरं म्हणायची, काका, तुमचं रक्त एक नंबर. रक्त दिलं की पुढचे दोन-तीन महिने मी पिसासारखा हलका असायचो. गेल्या वर्षी पासष्टी उलटली आणि आता नियमानं घेत नाहीत. खुर्ची देतात, चहा देतात आणि बसवून ठेवतात. वाईट वाटतं गं.

गंमत अशी, की बाहेरून मी झकास दिसतो. गाल लाल, ओठ लाल, तळहातसुद्धा लाल. एकच विचित्र आहे. अंघोळ करून अंग पुसलं की अंगावरून काहीतरी चालतं. पुरळ नाही, गांधी नाही. बारीक बोटं खांद्यावरून खाली उतरत जावीत तसं, आणि अशी खाज की भिंतीला पाठ घासावी. अर्ध्या तासानं ती निघून जातात. साबण बदलला, टाकी धुऊन घेतली, फरक नाही. तू हसशील, पण खाज जाते असं न लिहिता ती निघून जातात असंच माझ्या हातून लिहिलं गेलं.

भाच्याला, नंदकिशोरला आशीर्वाद. माझ्यावरचा जीव आहे तसाच राहू दे.

तुझा
राजा


बोरिवली,
१६ नोव्हेंबर २०२५

चि. राजारामास,
शकुआक्काचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

म्हातारपणी गाल लाल झाले म्हणून एवढं मिरवायला नको. तरुणपणी तुझ्या रंगाची तक्रार घेऊन चेतनाची मावशी लग्न मोडायला निघाली होती, ते मी विसरलेले नाही. तिला आता बोलावून दाखव.

नंदकिशोर तुझं पत्र मला मोठ्यानं वाचून दाखवतो म्हणाला. मी दिलं नाही. डोळे अजून शाबूत आहेत. एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं, आणि भाजी करपली.

आता विचारते त्याची उत्तरं लिही. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. ती बोटं गरम पाण्यानंच येतात, की गार पाण्यानंही? रात्री तळपाय जळतात का, पांघरुणाबाहेर काढून गार फरशीवर ठेवावेसे वाटतात का? आणि डाव्या पायाचं धाकटं बोट नीट उजेडात बघ. त्याचा रंग कसा आहे ते मला कळव.

बिटाचा रस आणि ती गोळी आजपासून बंद कर. चेतनाला सांग, थोरल्या नणंदेनं सांगितलंय. कारण मागाहून कळवीन.

सुनेला आणि प्रबुद्धला आशीर्वाद. पत्राला उशीर करू नकोस, माझा जीव लागून राहिला आहे.

तुझी
आक्का


विक्रोळी,
२४ नोव्हेंबर २०२५

ती. आक्कास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र दुपारी आलं. त्याच दिवशी सकाळी मोजा घालताना डाव्या पायाचं धाकटं बोट जांभळं दिसलं होतं. कुठे ठेचकाळलं असेल म्हणून मी कोणाला बोललो नव्हतो, चेतनालाही नाही. आक्का, तू ते पत्र आठवडाभर आधी टाकलेलंस. तेव्हा माझं बोट चांगलं होतं. तुला कसं कळलं?

तळपाय जळतात. फरशीवर ठेवतो. बोटं कुठल्याही पाण्यानं येतात, गरम पाण्यानं जास्त. आठवडाभर मी अंघोळच केली नाही, ओल्या फडक्यानं अंग पुसतो. चेतनानं तुझा निरोप ऐकला आणि म्हणाली, वन्सं डॉक्टर कधी झाल्या. रस बंद झाला, गोळी चालूच आहे. चेहरा तेवढा सुधारलाय म्हणते.

अजून दोन गोष्टी झाल्या. परवा जेवताना चेतना समोर बसली होती. बघता बघता तिचा अर्धा चेहरा गेला. काळोख नाही, नुसतं उन्हातल्या पाण्यासारखं चमचमत राहिलं, आणि उरलेलं अर्धं तोंड बोलत होतं. थोड्या वेळानं परत आलं. कानातही पाणी वाहतं, नळ बंद असला तरी.

दुसरी गोष्ट घाटकोपरच्या लग्नातली. आपल्या गावचे मार्तंडकाका आले होते. नव्वदी गाठली आहे, पण टक्क डोळे. मला पाहून ते उभे राहिले आणि म्हणाले, अंबादास, तू कधी आलास? नातवानं त्यांना सांगितलं की हे अंबादास नाहीत, त्यांचा मुलगा. काका माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, हा रंग मी ओळखतो. आणि जेवण टाकून निघून गेले.

मी घरी येऊन आरशासमोर उभा राहिलो. अप्पा गेले तेव्हा मी सहा वर्षांचा, मला त्यांचा चेहरा आठवत नाही. घरातला फोटो काळा-पांढरा. त्यांचा रंग कसा होता, आक्का? मला भीती वाटते आहे. जे असेल ते लिही.

तुझाच
राजा


बोरिवली,
१ डिसेंबर २०२५

चि. राजास अनेक आशीर्वाद.

आईनं मला शपथ घातली होती. आई जाऊन तीस वर्षं झाली, आता शपथेचं ओझं पुरे.

अप्पांचा रंग शेवटच्या वर्षी तुझ्यासारखा झाला होता. लालबुंद. नदीवरून अंघोळ करून आले की अंग ओरबाडायचे, पाठीतून रक्त काढायचे. गावात कुजबुज झाली की डोहातल्या आसरांनी धरलं. पाण्यातल्या त्या सात बहिणी, आवडलेल्या माणसाच्या अंगावरून हात फिरवतात म्हणे. आता अप्पा कोण, तर आपल्या वस्तीत पहिली दीक्षा घेतलेला माणूस. घराघरातले देव त्यांनी नदीत सोडायला लावले होते. त्याच माणसाला आसरांनी धरलं म्हटल्यावर सगळं गाव हसलं असतं. म्हणून आईनं तोंड शिवलं. विचारेल त्याला सांगायची, ऊन लागलंय.

पूर्वी वर्षातून तीन-चारदा वैदू यायचा. डोकं दुखतं म्हणून अप्पा त्याच्याकडून मानेवर तुंबडी लावून घ्यायचे. शिंगाची ती तुंबडी भरून काळं रक्त निघायचं आणि पुढे कितीतरी दिवस अप्पा आनंदात असायचे. मग तो वैदू यायचा बंद झाला. त्यानंतरच रंग चढत गेला.

शेवटी त्यांनी अंघोळ सोडली होती. एका सकाळी उठले आणि कोणाला न सांगता डोहावर गेले. मीच शोधत गेले. काठावर टेकून बसले होते. अंग कोरडं, डोळे उघडे, चेहरा पिकल्या तोंडल्यासारखा. कोणीतरी मजेचं काही सांगितलंय आणि ते ऐकताहेत, असं वाटत होतं. मी दोनदा हाक मारली.

आसरा मी मानत नाही, राजा. पण साठ वर्षं झाली, त्या सकाळला दुसरं काय म्हणायचं तेही मला सापडलेलं नाही. तू डॉक्टरकडे जा. हे सगळं त्यांना सांग, लाजू नकोस. सहा तारखेची वाट बघत बसू नकोस, मी तुला ओळखते.

काळजी घे, आणि या म्हातारीला विसरू नकोस.

आक्का


विक्रोळी,
१८ डिसेंबर २०२५

ती. आत्यांस,
माधुरीचा सादर जयभीम.

पप्पांचा हात सुयांनी सुजला आहे, म्हणून मी लिहिते. घाबरू नका, ते घरी आहेत आणि जेवताहेत.

तुम्ही म्हणालात तेच झालं, ते सहा तारखेपर्यंत थांबले. त्या दिवशी आमच्या वसाहतीतल्या शिबिरात जाऊन त्यांनी वय साठ सांगितलं आणि हात पुढे केला. तुंबडीचं वाचल्यापासून त्यांच्या मनानं घेतलं होतं, की रक्त बाहेर गेलं पाहिजे. नशीब, की यंदा निळ्या पाण्याऐवजी छोटं मशीन होतं. त्यावरचा आकडा बघून तिथल्या डॉक्टरबाईंना मशीन बिघडलं असं वाटलं. दुसऱ्या मशीनवरही तेच. त्यांनी पप्पांचे तळहात पाहिले, मोजा काढायला लावला आणि रिक्षात बसवून हॉस्पिटलला पाठवलं.

मोठ्या डॉक्टरांनी खूप विचारलं. सिगारेट ओढता का, झोपेत घोरताना श्वास अडकतो का, फुप्फुसाचा आजार आहे का, उंच डोंगरावर राहिलात का. शरीराला प्राणवायू कमी पडला तरी तांबड्या पेशी वाढतात म्हणे. मूत्रपिंडावर गाठ नाही ना, तेही सोनोग्राफीत बघितलं. यातलं काही नव्हतं. मग एका जनुकाची तपासणी केली, त्यात दोष निघाला. हाडांच्या आतल्या मज्जेत रक्त तयार होतं, तिथला कारखाना थांबायचं विसरला आहे. रक्त इतकं दाट झालं होतं की मेंदूत किंवा हृदयात कधीही गुठळी अडकली असती. अंघोळीनंतरची खाज, जळणारे पाय, जांभळं बोट, डोळ्यांपुढची चमचम, सगळं त्याचंच. उपाय म्हणजे ठरावीक दिवसांनी पिशवीभर रक्त काढायचं, आणि रोज रक्त पातळ ठेवणारी एक लहान गोळी.

पप्पा इतकी वर्षं रक्तदान करत होते हे मी डॉक्टरांना सांगितलं. म्हणाले, नेमकं केव्हा सुरू झालं ते सांगता येणार नाही, पण बरीच वर्षं यांनी नकळत स्वतःवरच उपचार केले असावेत. थेंब बुडतो की नाही एवढंच शिबिरात बघायचे. जास्त बुडतो का, हे कोण बघणार? मम्मी लोहाच्या गोळ्यांची बाटली धरून रडल्या. त्यांना सांगितलं, तुमचं मन वाईट नव्हतं.

आत्या, एक मुद्दाम लिहिते. हा आजार सहसा वारशानं येत नाही, पण क्वचित एकाच घरात दोघांना दिसतो. आजोबांचं ऐकल्यावर डॉक्टर म्हणाले, बहिणीचं रक्त तपासा. साधी तपासणी आहे. नंदूभाऊंना मी फोन करते म्हटलं तर पप्पा म्हणाले, आधी तिला विचार, तिला न विचारता केलेलं चालत नाही. तर तुम्ही हो म्हणा.

मोठ्यांची माया आम्हा मुलांवर अशीच राहावी.

आपली
माधुरी


विक्रोळी,
५ जानेवारी २०२६

ती. आक्कास,
सप्रेम जयभीम.

माधुरीच्या पत्राला तुझं उत्तर नाही. नंदू म्हणतो, तू पत्र वाचलंस, घडी केलीस आणि उशीखाली ठेवलंस.

मी बरा आहे. तीनदा रक्त काढलं. पहिल्यांदा सुईतच गोठायला लागलं, इतकं दाट. मी नर्सला विचारलं, हे कोणाला देणार. ती म्हणाली, कोणालाच नाही, टाकून देतात. मी मान फिरवली. पण पिशवी भरत आली आणि कानातलं पाणी थांबलं. एकदम. इतकी शांतता झाली की मला पंखा ऐकू आला. बोटं अजून येतात, पण आता घाईत असल्यासारखी.

तू का तपासून घेत नाहीस? अप्पांना कोणी वाचवलं नाही, कारण कोणी बोललं नाही. ती चूक आपण का पुढे चालवायची? तू माझा जीव वाचवलास. आता माझं ऐक. रविवारी मी तुला न्यायला येतो.

तुझा
राजा


बोरिवली,
१० जानेवारी २०२६

चि. राजास,
शकुआक्काचा जीवभरून आशीर्वाद.

हे पत्र नंदूच्या हाती देते आहे, टपालानं रविवारपर्यंत पोचायचं नाही.

पायाचं बोट मला कसं कळलं, असं तू विचारलं होतंस आणि मी उत्तर दिलं नाही. अप्पांचं बोट मी कधी पाहिलेलं नव्हतं. मी माझं पाहिलं होतं.

दोन वर्षं झाली. अंघोळीनंतर दार लावून बसते, नंदूला वाटतं ध्यान करते. चेहऱ्याला तो म्हणतो बोरिवलीची हवा मानवली. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला कळलं, की ही गोष्ट आता एकट्या माझी राहिली नाही. तुला वाचवायला निघाले, माझं सांगायला नाही.

कारण सांगते, वेडी म्हणू नकोस. तुझ्या कानात नुसतं पाणी वाहायचं. माझ्या कानात त्या पाण्याच्या तळाशी अप्पा बोलतात. बाहेरचं ऐकू येईनासं झालं तसे ते स्पष्ट होत गेले. मोठं काही नाही. शके, शेळी सोडलीस का. शके, अभ्यास केलास का. तुम्हा जित्या माणसांचा एक शब्द मला धड ऐकू येत नाही, राजा, त्यांचा मात्र श्वाससुद्धा ऐकू येतो. डॉक्टर म्हणतील रक्त दाट झालं. असेलही. पहिली पिशवी भरली आणि कान शांत झाले, असं तू लिहिलंस, तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मी पदर तोंडात धरून रडले.

पण गेल्या आठवड्यापासून ते वेगळं बोलतात. शेळीचं नाही, अभ्यासाचं नाही. डोहावर चल, एवढंच. काल दुपारी मी चपला घालून खाली फाटकापर्यंत गेले होते. कशी गेले ते आठवत नाही. वॉचमननं परत आणलं. मला मरायचं नाही, राजा. तुझं पत्र वाचल्यावर ते मला पहिल्यांदा नीट कळलं.

तर रविवारी ये. अप्पांचा निरोप मी तोवर माझा घेऊन ठेवीन. बेल वाजवू नकोस, मला ऐकू येणार नाही. नंदूकडून किल्ली घे. आणि दारातून हाक मारू नकोस. हल्ली हाक आली की ती कोणाची ते मला ओळखता येत नाही, मी भलत्याच दिशेला चालू लागेन. काही बोलू नकोस, सरळ आत ये आणि माझा हात धर.

उरलेला सगळा लोभ तुझ्यावर,
आक्का