आबा, तुमचा निजायचा सण

प्रिय आबा,

आज आखाजी, अक्षय्य तृतीया. तुम्ही गेल्यानंतरची तुमच्या नावाची पहिली घागर भरली. बाहेर पोरी झोक्यावर गाणी म्हणताहेत आणि मी लिहायला बसलेय. उद्या तुमचा सण, आणि या वर्षी तो करायचं माझ्या अगदी जिवावर आलंय. हे तुम्हाला नाही तर कुणाला सांगू?

थकलेय हो. पारोळ्याला अंगणवाडीचं काम, घरी सासूबाईंचं दुखणं, त्यात नळाला पाणी येतं ते पहाटे. "आखाजीले ये माय, दुसरा दिन पोटभर जप," असं तुम्हीच म्हणायचात ना? पोटभर झोपायच्या त्याच आशेवर वर्ष काढते मी, तरी या वर्षी मन होत नाही; का ते सांगते.

असा सण जगात आणखी कुणाचा असेल का! आखाजीच्या दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर येईपर्यंत आपल्या घरात कुणी उठायचं नाही. आम्ही पोरं लोळून लोळून कंटाळायचो. जरा कुणी हललं की तुम्ही बाजेवरून दटावायचात, "जपा रे बठ्ठा! आज आपला सन शे." शेजारीपाजारी हसायचे. तुम्हाला त्याचं काहीच नव्हतं.

मग ती गोष्ट. किती वेळा ऐकवलीत! वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या इतर सालदारांचं साल आखाजीला संपायचं, नको असेल तर ते मालक बदलायचे. आपलं साल कधी संपलंच नाही. आजोबा कर्जापायी एका मालकाकडे बांधले गेलेले, म्हणून तुम्हीही बांधलेले. रोज अंधारात उठून त्याच्या गोठ्यात. आणीबाणीत वेठबिगारी बंद झाल्याचा कायदा आला. गावात सगळ्यांनी ऐकला आणि आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सगळे मुकाट्यानं कामावर गेले. तुम्ही गेला नाहीत. अंगणात बाज टाकून झोपलात. मालकाचा माणूस आला, बघून गेला, पुन्हा फिरकला नाही. एवढं सांगून झालं की मिशीवरून हात फिरवायचात.

आज घागरीवर खरबूज ठेवताना मी मायला सहज विचारलं, "आबांना त्या दिवशी खरंच झोप लागली होती का गं?"

माय हसली. "कसानी जप वं! गोधडीमा पाय लटलट कापी ऱ्हायंतात."

"मग त्या माणसाला घालवलं कुणी?"

"मीच. अंगणना दारमा उभी ऱ्हायनू. सांगं, त्या जपेल शेतस, आते कामले येवाव नहीत."

तो काठी आपटत राहिला म्हणे, तिला नको नको ते बोलला. माझा भाऊ विलास तेव्हा तान्हा, तिच्या कडेवर. ती जागची हलली नाही. हे सांगतानाही ती आंबे पिळतच होती.

आबा, हे तुम्ही कधीच कसं सांगितलं नाहीत? विसरलात? की आपण भ्यालो होतो हे पोरांना कळू नये म्हणून? अहो, भ्यायलात तर काय झालं! मला तर तुम्ही आज जास्तच आवडलात. पण राग आलाय तो आलाच आहे.

तुमच्या गोष्टीत माय नव्हती, आणि सणात तरी कुठे होती? आपण सगळे आडवे आणि ती चुलीपाशी. एकदा मी म्हटलं होतं, "माय, तूपण नीज ना." तर म्हणाली, "मी जपसू ते चहा कोन करी?" तुम्ही ते ऐकलंत आणि बाजेवरूनच चहा मागितलात! आता आठवलं की हसू येतं आणि डोळेही भरतात.

आज पहाटेपासून ती उभी आहे. गुडघे धरून जरा टेकते, लगेच उठते.

सण मोडणार नाही, आबा. मघाशी वाटलं होतं, पण नाही मोडणार. उद्या चहा विलास करील. येत नसेल तर शिकेल, घोडा झालाय आता. मायचं अंथरूण माझ्या शेजारी घालीन. ती उठेल हे ठाऊक आहे मला. हाताला धरून पुन्हा निजवीन, ऊन वर येईपर्यंत सोडणार नाही. आणि पोरांनी सणाची गोष्ट मागितली की ती तिलाच सांगायला लावीन.

तुम्ही मधे बोलायचं नाही.

तुमची दमलेली लेक,
सुमन