तिसऱ्या भोकातली माती

५ जानेवारी

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून पत्र. तुमच्या जागेची माती तपासून झाली. तीन कोपऱ्यांत तीन भोकं घेतली. दोन ठिकाणी पाच फुटांवर छान टणक मुरूम लागला. तिसऱ्याने मात्र माझं डोकं खाल्लंय. सोळा फुटांपर्यंत नुसता भुसभुशीत भराव! राख, विटांचे तुकडे, कपाचा कान. आणि दहा फुटांवर नळीत पत्र्याचा एक कपटा आला, त्यावर लाल रंगातला अर्धा मासा. सात वर्षं लोकांच्या जमिनी पोखरतेय, मासा पहिल्यांदाच निघाला.

नव्या घराच्या नकाशात नेमकी याच कोपऱ्यावर तुम्ही आईची खोली काढली आहे. गुडघे जिना चढू देत नाहीत म्हणून तळमजल्यावर खोली मिळणार, या आनंदात ती सामानसुद्धा बांधायला लागली. पण या भरावावर भिंत उभी केली तर दोन वर्षांत खचेल. तिथे पूर्वी काय होतं ते खरं सांगा.

लोभ आहेच, तो खचू देऊ नका.

तुमची भाची

९ जानेवारी

चि. घुशीस,
अ. उ. आ.

लहानपणी आमचं अंगण उकरायचीस, आता त्यातच नाव काढलंस. तिथे काही नव्हतं गं. तुझ्या आजोबांची भाजी होती, वांगी आणि मिरच्या. भाजीची माती भुसभुशीत असणारच. गवंडी म्हणतो, पाया दोन फूट जास्त खोल घेऊ आणि मोकळे होऊ. मासा असेल कुणा पोराचा. तू उगाच कागदावर कागद वाढवू नकोस.

मामी विचारते, जेवण वेळेवर होतं का? माझाही तोच प्रश्न समज.

तुझा मामा

१४ जानेवारी

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

वांग्याची मुळं सोळा फूट खाली जातात हे आजोबांनी जगापासून लपवून ठेवलं म्हणायचं! मी काल पुन्हा जाऊन आजूबाजूला तपासलं. भराव बरोबर गोल आहे, आठ फुटी. तिथे विहीर होती ना?

गवंडीकाकांना सांगा, दोन फुटांनी भागणार नाही. कडा उतरत्या ठेवून सगळा भराव उपसा. मग मुरूम वीतभर थराने भरा, प्रत्येक थरावर पाणी मारा, धुमसाने ठोका. वरचा थर घालण्याआधी खालच्यात छोटा खड्डा करून निघालेली माती तोला, आणि त्या खड्ड्यात किती वाळू मावते तेही. त्यावरून थर घट्ट बसला की नाही ते कळतं. नाही बसला तर पुन्हा ठोका.

पण एक कोडं सुटत नाही. आजोबा कुंडीसुद्धा खडी, वाळू, माती असे थर लावून भरायचे. त्यांनी विहिरीत राख कशी टाकली?

उत्तराची वाट पाहते. राग आला तर तोही पत्रातून कळवा.

तुमची भाची

२ फेब्रुवारी

चि. घुशीस,
अ. उ. आ.

त्यांनी नाही, मी टाकली.

मी वीस वर्षांचा होतो. बाबा महिनाभर कामाला बाहेरगावी गेले. जाताना म्हणाले, विहीर बुजव, वीतभर दगड-मुरूम घाल, ठोक, मगच पुढचा थर. थेट तुझ्यासारखेच बोलले. दोन थरांत माझे हात भरून आले, आणि तिकडे नाटकाच्या तालमी सुरू होत्या. मग गल्लीतली राख, कचरा, फुटकंतुटकं, मिळेल ते चार दिवसांत ओतलं आणि वर चांगली माती पसरली. बाबा आले, पाय आपटून पाहिला, माझी पाठ थोपटली. ती थाप पंचेचाळीस वर्षं टोचते आहे. इतकी, की तिथे विहीर नव्हतीच असं मी स्वतःलाही पटवलं होतं.

सगळं उपसून झालं. आतापर्यंत अकरा थर भरले. सातवा बसला नाही, तो मी पुन्हा ठोकायला लावला. गवंडी माझ्याशी बोलत नाही. तरी तुझ्या आईला तिथे झोपवायचा मला धीर होत नाही. खोली मागच्या बाजूला घेतो, असं तिला कारणासकट कळवलंय. तुझ्या माशाचा उरलेला अर्धा भागही निघाला. तिची शाळेतली कंपासपेटी! कचऱ्यासोबत मीच लोटली असणार. न उघडता तिला पाठवली आहे.

मामावर पूर्वीसारखी माया ठेव.

तुझा मामा

८ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

पेटी पोचली. ती तू लोटली नाहीस, मी टाकली होती. सुरीने उघडली. आतल्या कागदाचा लगदा झालाय, तेव्हा आता सांगायला हरकत नाही: गणितात शंभरपैकी नऊ. बाबांची सही आणायची होती. तू तालमीला गेलास तेव्हा मी विहिरीच्या काठाशी गेले, खाली राख पाहिली आणि सगळं समजले.

बाबांनी मला विचारलं होतं, दादाने नीट ठोकलं का? मी सांगितलं, रोज ठोकत होता, माझे कान किटले. पुन्हा उकरलं असतं तर पेटी वर आली असती ना! मी अकरा वर्षांची होते, पण न कळण्याइतकी लहान नव्हते. तेव्हा तो भराव एकट्याचा म्हणून मिरवू नकोस.

खोली हलवायची नाही. अख्ख्या घरात तळापासून तपासलेली तेवढीच जागा आहे, तिथे मी निर्धास्त झोपेन. उरलेले थर मात्र माझ्यासमोर भरायचे. रविवारी येते. वाळू मी ओतीन, आकडे तू मांड. माझं गणित तुला आता कळलंच आहे.

लोभ असाच घट्ट राहू दे.

तुझी बायो