देव्हाऱ्यातला रॉक बँड

तोआ पायोह, सिंगापूर

तीर्थरूप बाबांना अनघाचा नमस्कार.

आम्ही मजेत आहोत. तुमचा नातू वेदांत पास झाला. तुमचे गुडघे कसे आहेत?

मागच्या खेपेला तुमच्याकडून आणलेली आईच्या गाण्याची कॅसेट इथल्या दुकानातून पेनड्राइव्हवर करून घेतली, तो पेनड्राइव्ह सोबत पाठवतेय. ऐकायच्या आधी बसून घ्या, कारण त्यात आईचं गाणं नाही.

दहावीत मी कोरी कॅसेट मागितली, तुम्ही दिली नाहीत. मग आईच्या कॅसेटवर दुसरं काही भरलं जाऊ नये म्हणून मोडलेल्या खाचांवर चिकटपट्टी लावून तिच्यावरच मी ‘सॉल्ट पोर्च’ हा अमेरिकन बँड भरून घेतला. आई पुन्हा गाईल असं तेव्हा वाटलं होतं.

ओहायोतली चार पोरं होती. पहिला अल्बम त्यांनी गॅरेजमध्ये केला, तिसऱ्यानंतर भांडून वेगळी झाली. अल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात त्याला. कडवं कुजबुजत म्हणायचं आणि ध्रुवपदाला सगळ्या गिटारी एकदम अंगावर सोडायच्या, ही त्यांची रीत. आपल्या घरात नुसतं कुजबुजणंच होतं, म्हणून मला ते आवडले.

आईला तुम्ही कधी घराबाहेर गाऊ दिलं नाहीत. ती गेल्यावर मात्र कॅसेट देव्हाऱ्यात ठेवलीत, एकदाही न लावता रोज हळदकुंकू वाहिलंत. तीस वर्षं तुम्ही त्या चार पोरांची पूजा केलीत, बाबा.

दोन गाण्यांच्या मध्ये चार सेकंद पुसायचे राहून गेलेत. तिथे आई ‘अहो’ म्हणून तुम्हाला हाक मारते. तेवढं कापून मी माझ्याकडे ठेवलंय.

गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
अनघा