चोरकप्पा कुठे हवा

अण्णा, काल एक साहेब आपल्या शेडवर आले आणि न विचारता कपाटांचे फोटो काढून गेले. तुम्ही असता तर पहिल्या फोटोलाच मागे जाऊन मेन स्विच पाडला असता आणि तोंड पाडून म्हणाला असता, "लाइट गेली बघा." मला ते जमलं नाही. मी चहा मागवला. मोबाइलवरून फर्निचर विकणाऱ्या एका कंपनीचे ते खरेदीवाले. हडपसर-मांजरीकडे भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या नोकरदार मुलामुलींसाठी त्यांना आपली लोखंडी कपाटं हवी आहेत, दर महिन्याला, आपण करू तेवढी. बोलणं इतकं गोड की चहात साखर नसती तरी चाललं असतं. मग हळूच मुद्द्यावर आले. "मॅडम, तुमचा तो चोरकप्पा आम्हाला फारच आवडलाय. आम्ही त्याचा व्हिडिओ करणार. फक्त तो सगळ्या कपाटांत एकाच जागी हवा, आणि पूर्ण ड्रॉइंग आमच्याकडे पाहिजे." मी विचारलं, "चोरकप्प्याची जाहिरात करणार?" म्हणाले, "हो ना, तोच तर आपला यूएसपी." मी म्हटलं, "मग चोरांनाही काही सवलत ठेवा." ते हसले आणि हे वाक्य त्यांनी मोबाइलमध्ये लिहून घेतलं. काय करणार आहेत त्याचं, देव जाणे.

मी गोड बोलण्याला भुलले असं तुम्हाला उगाच वाटायला नको, म्हणून शेडची परिस्थिती सांगते. मुलीच्या लग्नात कपाट द्यायचे दिवस संपले. नव्या फ्लॅटमध्ये भिंतीतच कपाटं येतात, प्लायवूडची, गुळगुळीत दारांची. आपण शाळांची रॅकं आणि दवाखान्यांची टेबलं करून दिवस ढकलतो आहोत. हे काम मिळालं नाही तर दिवाळीनंतर शेडला कुलूप लागेल आणि तुम्ही कामाला ठेवलेली माणसं या वयात घरी बसतील. आणि ड्रॉइंग दिलं तर? पहिली खेप आपली, दुसरी कुठल्यातरी स्वस्त शेडमधली. याला मी शंका म्हणत नाही, मला खात्रीच आहे.

बाजार बघायला तुम्ही बाजारात कधी गेला नाहीत. कोथरूडला नव्या सोसायट्या उठत होत्या तेव्हा रविवारी मला स्कूटरवर मागे बसवून एखाद्या फाटकासमोर नेऊन उभं करायचात. अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्ही धोतराचा सोगा सावरत उभे आहात, आणि वॉचमन येऊन विचारतो, "कोण पाहिजे?" तुम्ही म्हणता, "कोण न्हाय. बघतोय." "काय बघताय?" "लोक वर काय चढवत्यात ते." तो आपल्याकडे चोर असल्यासारखा बघतो, तुम्ही त्याच्याकडे तसंच बघता, आणि मी लाजेने दुसरीकडे. तेवढ्यात एका टेम्पोतून कपाट उतरतं आणि जिन्याच्या वळणावर अडकतं. पुढे जाईना, मागे येईना. घरमालक हमालांवर ओरडतो, हमाल बिल्डरला शिव्या घालतात. तुम्ही मात्र चपला काढून जिना चढलात आणि वितीने वळण मोजून आलात. त्यानंतर आपलं कपाट दोन तुकड्यांत जायला लागलं, वर नेऊन आतून बोल्ट मारायचे. बाकीचे कपाटवाले अजून जिन्यालाच नावं ठेवत होते, तोवर कोथरूडमध्ये आपली कपाटं घरोघर पोचली होती.

आणि चोरकप्पा. तो तुम्ही कधी कागदावर काढला नाहीत. गिऱ्हाईक जोडीने यायचं. तुम्ही यजमानांना म्हणायचात, "साहेब, समोरच्या टपरीवर चहा घेऊन या, आमच्याकडे दूध फाटलंय." दूध रोजच फाटायचं आपलं. ते गेले की बाईंना विचारायचात, "ताई, कप्पा कुठं काढू?" कुणी तळाशी सांगायचं, कुणी आरशामागे, कुणी साड्यांच्या दांड्याच्या वर. ती जागा तुम्हाला, त्या बाईंना आणि वेल्डरला ठाऊक. यजमान परत यायचे, पैसे द्यायचे आणि काही न कळता कपाट घेऊन जायचे. मी कॉलेजात होते, हुशारी दाखवायची हौस होती. एकदा एका बाईंना विचारलं, "पण काय ठेवणार आहात त्यात?" त्या गेल्यावर तुम्ही मला पत्र्याच्या ढिगावर बसवलंत. "काय ठेवणार ते इचारायचं न्हाय. केवढं ठेवणार, तेवढंच इचारायचं." आवाज चढवला नव्हतात, पण मला फार लागलं होतं ते.

घरचं कपाट केलंत तेव्हा आईलाही रीतसर विचारलंत. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "कप्पा करणाराच शेजारी झोपतोय, मग लपवू कुणापासनं?" तुम्ही खळखळून हसलात आणि बिनकप्प्याचं कपाट घरी आलं. पुढचं तुम्हाला माहीत नाही, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तुम्ही मांजरीला भावकीतल्या लग्नाला गेलात तेव्हा आईने मला हाक मारली आणि हाताने माप दाखवलं, एवढासा. मी नवीनच वेल्डिंग शिकले होते. तिच्या कपाटाच्या खालच्या फळीमागे माझ्या आयुष्यातला पहिला चोरकप्पा मी केला. काय ठेवणार ते विचारलं नाही. कडी मात्र भिकार बसली. उघडताना खट्ट वाजायची, बाहेरच्या खोलीत मला ऐकू यायची, आणि तुमची कॉट तर कपाटाला चिकटून. काही दिवसांनी आवाज बंद झाला. मला वाटलं, आईने कप्पा वापरणं सोडलं.

काल ते साहेब गेल्यावर मला शेडवर बसवेना. मांजरीच्या रस्त्याला एका नव्या सोसायटीच्या फाटकासमोर जाऊन उभी राहिले. तुम्हाला हटकलं होतं तसंच इथल्या वॉचमनने मलाही हटकलं. एक मुलगी टेम्पोतून सामान उतरवत होती. तिला विचारलं, कपाट घेशील तर कसं घेशील? ती आधी माझ्याकडे संशयाने बघत राहिली, बरोबरच आहे. मग म्हणाली, "काकू, आम्हा तिघींत एकच कपाट असतं. मला फक्त एवढंसं माझं हवंय," आणि तळवा पुढे केला. मी त्या साहेबांच्या व्हिडिओची कल्पना सांगितली. ती म्हणाली, "काय उपयोग? माझ्या रूममेटच्या फोनमध्ये पण तेच ॲप आहे."

एवढं साधं त्या साहेबांना सुचलं नव्हतं, आणि खरं तर मलाही नाही. मी ड्रॉइंग चोरीला जाईल म्हणून घाबरत होते, कपाट वापरणारीचा विचार कुठे केला होता? रात्रीपर्यंत थांबले नाही, रस्त्यातूनच त्यांना फोन केला. कपाटाचं ड्रॉइंग देते, कप्प्याचं नाही. व्हिडिओ नाही. कप्पा कुठे हवा ते वापरणारीला आमची बाई फोन करून विचारेल आणि आमचाच माणूस तो बसवेल. नसेल जमत तर राहू दे. आज सकाळी ते हो म्हणाले. इतक्या लवकर हो म्हणाले की मला पुन्हा शंका यायला लागली आहे. सही करण्याआधी प्रत्येक ओळ वकिलाला दाखवणार आहे. पण करणार आहे.

त्या मुलीच्या तळव्याएवढं माप घ्यायचं म्हणून आज दुपारी, आई भजनाला गेल्यावर, तिच्या कपाटाची खालची फळी सरकवली. माझी कडी तिथे नव्हती. पितळेची होती, तुम्ही खास गिऱ्हाइकांसाठी कानशीने घासून करायचात तशी. आणि जिथे ती टेकते तिथे लोकरीची पट्टी चिकटवलेली होती, तपकिरी. तुमच्या त्या स्वेटरची, कोपरावर फाटला म्हणून तुम्ही शेडवर नेला होतात तो. मी कडी उघडून बघितली, लावून बघितली, पुन्हा उघडली. काही म्हणजे काही आवाज नाही. कप्प्याचं काम बघू नये म्हणून सख्ख्या भावालाही मेन स्विच पाडून शेडबाहेर काढणारा माणूस तुम्ही. शेजारी पडून ती खट्ट ऐकत होतात आणि एक शब्द बोलला नाहीत. आईलाही एक दिवस कडी वाजेनाशी झाल्याचं कळलंच असणार. तीही बोलली नाही. मला तुमचा इतका राग आला आणि इतकं रडू आलं की तिथेच फरशीवर बसून राहिले.

हे पत्र घरात ठेवता येणार नाही, आई सगळं वाचते. शेडवर तर सगळेच वाचतात. लिहून झालं की फाडून टाकेन. पण त्याआधी एक सांगते. तुम्ही पट्टी लावताना कप्प्यातली डबी उघडली नसणार, एवढं मी तुम्हाला ओळखते. मी उघडली. डॉक्टरांनी बजावल्यावर आईने तुमच्यासमोर देवाला हात लावून सोडलेली तंबाखूची मिश्री आहे त्यात, आणि ती ताजी आहे.