त्याच्या नावाचं टपाल

३ मार्च
मिळाली बदली! तुरुंगाच्या टपालाचं टेबल. दीड वर्ष साहेबांचे उंबरठे झिजवले. आडनाव सासरचं, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. आईला सांगितलंय, रेकॉर्ड ऑफिसात आहे. त्या माणसाचा विषय घरात काढलेला तिला खपत नाही.

४ मार्च
एका दिवसात त्याला एकोणीस पत्रं! नऊ बायकांचा जीव घेतला, त्यात माझी धाकटी बहीण — आणि ह्याला गुलाबी पाकिटं! एकीनं लिहिलंय, "तुमचे डोळे फार दुखावलेले वाटतात." एक कॉलेजातले सर: "आपल्या बालपणाविषयी सविस्तर कळवावे." अहो, माझ्या धाकटीच्या बालपणाविषयी विचारा की! गृहपाठ माझ्याकडून करून घ्यायची, वर अक्षर वाईट म्हणून मलाच टोमणे.

७ मार्च
त्यानं का मारलं, यावर टीव्हीवर तज्ज्ञांची जुंपलीय. बापानं टाकलं, शाळेत चिडवलं... खरं कारण तर त्यानंच कोर्टात सांगितलं होतं. मी पुढच्या बाकावर होते. "आता मला सगळे ओळखतात." आणि हसला मेला.
ठीक. नियम असा — पत्र उघडायचं, वाचायचं, शिक्का मारून आत पाठवायचं. आजपासून त्याची पत्रं न उघडताच कागद कापायच्या मशीनमध्ये!

२८ मार्च
हवालदार म्हणाला, "बाई, तुमचा तो हिरो जेवत नाही. सारखा विचारतो, माझं टपाल कुठंय?"
घरी मुद्दाम चालत आले. दोन वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. कुजत मर!

१९ एप्रिल
शेजारीण सांगत होती, आई रोज दुपारी दारात खुर्ची टाकून पोस्टमनची वाट बघते. विचारलं तर म्हणे, "डोळ्यांच्या दवाखान्याचा कागद यायचाय." दवाखाना तर फोन करतो! वय झालं तिचं.

९ मे
मशीन बिघडलं. साहेब डोक्यावर उभे. त्याचं एक पत्र उघडावंच लागलं. पाकिटावर टाइप केलेला पत्ता, आत आईचं अक्षर.
"हे सातवं पत्र. शिव्या द्यायला लिहीत नाही. माझी पोर शेवटी काय बोलली, ते एका तुलाच ठाऊक आहे. तेवढं कळव."
सहा मी कापली.
शिक्का मारला. आता उत्तराची वाट आम्ही दोघी बघतोय.